विज्ञान सांगण्याची नोकरी: 'टर्निंग पॉइंट'वाले प्रा. यशपाल आणि बारावीतली एक मुलगी

अल्तिनोकर | रविवार, रात्री १०:१२

चवथीला सगळे फोंड्याच्या घरी जमले होते. जेवणं उरकून सोप्यावर पाय पसरले, तेवढ्यात कुणीतरी भाचीच्या मुलीला विचारलं, बारावीनंतर काय? ती म्हणाली, "टीव्हीवर विज्ञान सांगणार. रेडिओ मिळाला तरी चालेल." तिच्या आजोबांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "ते सांग गो, पण नोकरी काय करणार?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. पणजीच्या आकाशवाणीवर मी अकरा वर्षं नैमित्तिक उद्घोषक होतो (पोटापाण्याला बँक होती). त्या काळात शास्त्रज्ञ, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ असे किती जण माइकसमोर बसवले याचा हिशेब नाही. पण 'विज्ञान निवेदक' असा हुद्दा मी कुठल्याच केंद्राच्या पाटीवर वाचला नाही. तेव्हाही नव्हता, आजही दिसत नाही.

पोरीला नाही म्हणवेना, आणि खोटी आशाही लावायची नव्हती. म्हणून प्रा. यशपालांची गोष्ट सांगायला बसलो. अर्ध्यावर आरती सुरू झाली आणि गोष्ट राहून गेली. ती इथे पुरी करतो, तिला दुवा पाठवतो.

नव्वदच्या दशकात ज्यांनी दूरदर्शन पाहिलं त्यांना 'टर्निंग पॉइंट' हा विज्ञानाचा कार्यक्रम आठवत असेल. गिरीश कर्नाड सूत्रसंचालन करायचे, आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला यायचे पांढऱ्या केसांचे यशपाल. आवाज उद्घोषकाचा अजिबात नाही. आमच्याकडच्या आवाजचाचणीत बहुतेक नापास झाले असते. बोलता बोलता थांबायचे, हाताने हवेत काहीतरी गोल काढायचे, मग स्वतःशीच हसायचे. प्रश्न वाचून झाला की उत्तराकडे धावायचे नाहीत, आधी प्रश्नातच रमायचे. मला त्यांच्यात जे दिसलं ते एवढंच. माझ्या मते सगळी कारकीर्द त्या दोन-चार सेकंदांत आहे, आणि ते दोन-चार सेकंद आम्ही रेडिओवाले पहिल्यांदा कापून टाकायचो.

आता बायोडेटा. जन्म १९२६, झंगचा, जे आता पाकिस्तानात आहे. १९४९ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या) अभ्यासाला लागले. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची डॉक्टरेट घेतली आणि परत टाटातच आले. १९७३ मध्ये इस्रोच्या अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे पहिले संचालक. पुढे विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव, मग १९८६ ते १९९१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) अध्यक्ष. 'टर्निंग पॉइंट'मुळे घराघरांत पोचले तेव्हा साठी उलटून गेली होती. २०१७ मध्ये गेले तेव्हा नव्वद वर्षांचे होते.

म्हणजे पोरीच्या आजोबांना ही गोष्ट कळली तर ते म्हणणार, बघ, साठीपर्यंत नोकरी कर आणि मग काय सांगायचं ते सांग. तिथेच माझी पंचाईत झाली आहे. तुम्हाला काय वाटतं?


विजापूरचा पाव्हणा | रविवार, रात्री ११:०५

वास्कोत राहून तीस वर्षं झाली, तरी नाव तेच ठेवलंय.

अल्तिनोकर, १९७३ ची ओळ तुम्ही फार घाईत उरकलीत. खरी गोष्ट तिथेच आहे. वडील विजापूर जिल्ह्यात शिक्षक होते. १९७५ च्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या कौलांशेजारी एक छत्री (डिश अँटेना) उभी राहिली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ना, तसल्या जाळीची, सुमारे दहा फूट रुंद. खाली वऱ्हांड्यात लाकडी पेटीत टीव्ही. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला होता. सहा राज्यांतली २४०० गावं, कर्नाटकातले तीन जिल्हे: विजापूर, गुलबर्गा, रायचूर. १ ऑगस्ट १९७५ ला सुरू, ३१ जुलै १९७६ ला बंद. उपग्रहावरून गावोगावी टीव्ही दाखवायच्या या प्रयोगाला 'साइट' म्हणायचे. अहमदाबादच्या ज्या केंद्राने हे उभं केलं त्याचे संचालक तेव्हा यशपाल होते. आम्हाला अर्थातच ते नाव माहीत नव्हतं.

सकाळी दीड तास शाळेसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. मी चौथीत. एक दिवस गुरुजींनी सांगितलं की उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतो आणि चित्रं तिथून येतात. मी बाहेर जाऊन छत्री बघून आलो. ती पश्चिमेकडे तोंड करून होती तशीच. सकाळीही तशीच, रात्रीही तशीच. मी विचारलं, तो फिरतो तर छत्री का फिरत नाही? गुरुजी म्हणाले, खाली बस.

उत्तर मला बारावीत मिळालं. उपग्रह विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवला की त्याला एक फेरी मारायला पृथ्वीच्या एका गिरकीइतकाच वेळ लागतो. म्हणून तो आपल्याला एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. तीन मिनिटांत सांगता आलं असतं. पुढे 'टर्निंग पॉइंट'मध्ये यशपालांना असलेच प्रश्न हातात धरून खूश होताना पाहिलं, तेव्हा मला राहून राहून त्या वऱ्हांड्याची आठवण यायची. हा माणूस छत्रीच्या त्या टोकाला होता आणि मी या टोकाला.

अवांतर: या कक्षेतून संदेशवहन करायची कल्पना १९४५ मध्ये मांडणारे आर्थर क्लार्क तेव्हा कोलंबोत राहायचे. इस्रोच्या लोकांनी जाऊन त्यांच्या घरावरही एक छत्री बसवून दिली होती. कल्पना स्वतः मांडायची आणि तीस वर्षांनी आपल्याच गच्चीवर तिची चित्रं बघायची, काय भाग्य असेल!


खाजन | सोमवार, सकाळी ६:४०

छान. डोळे पाणावले. आता मूळ प्रश्न.

हे निवेदक नव्हेत. हे मोठे साहेब होते आणि टीव्हीवर जायचे. पगार टाटाचा, इस्रोचा, यूजीसीचा. पोरगी विचारतेय नोकरीचं, आणि तुम्ही तिला सांगताय की आधी यूजीसीची अध्यक्ष हो. याला कारकीर्द म्हणत असाल तर मीही म्हणेन की माझी भजनाची कारकीर्द आहे.

आणि 'निवेदक', 'सूत्रसंचालक', 'प्रसारक' यातलं नक्की काय ते एकदा ठरवा.


अल्तिनोकर | सोमवार, सकाळी ९:१५

खाजनबाब, आमच्याकडे लिहिलेलं वाचतो तो उद्घोषक, स्वतःचं बोलतो तो निवेदक, दुसऱ्याला बोलतं करतो तो सूत्रसंचालक. मानधनाच्या चेकवर तिघांनाही 'कॅज्युअल' लिहायचे.

साहेब होते हे कबूल. पण खुर्ची गेल्यावर थांबले नाहीत. छत्तीसगडने २००२ मध्ये कायदा करून खाजगी विद्यापीठांचं पीक काढलं, १०० च्या वर. काहींना धड इमारतसुद्धा नव्हती. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले ते हेच, आणि २००५ मध्ये ती विद्यापीठं कोर्टाने रद्द केली. निकालावर नाव त्यांचंच आहे. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर. हा भजनाचा नाद नव्हे.

तरी तुमचा मुद्दा खोडता येत नाही. पोट कशावर, हे राहतंच.


स्विंडनकर दिनू | सोमवार, दुपारी २:३०

इकडे सकाळ आहे, पाळी संपवून आलोय. मूळचा दिवचलचा. आजोबांच्या कागदपत्रांवर पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि इंग्लंडात गोदामात पेट्या उचलायला आलो. अर्धं गोंय इथेच आहे म्हणा ना.

खाजनबाबांना हवं ते उदाहरण इकडे आहे. पॅट्रिक मूर. ना पदवी, ना प्रयोगशाळा, ना खुर्ची. घरच्या दुर्बिणीतून चंद्र बघून बघून त्याचे नकाशे काढायचा. एप्रिल १९५७ मध्ये बीबीसीने त्याला रात्रीच्या आकाशावर महिन्यातून एकदा कार्यक्रम करायला दिला. पहिल्याच भागात त्या वेळी दिसत असलेला आरेंड-रोलां धूमकेतू. डिसेंबर २०१२ मध्ये वारला तोपर्यंत तोच कार्यक्रम, तोच माणूस. ५५ वर्षांत एक भाग चुकला, जुलै २००४ चा, खाण्यातून विषबाधा झाली म्हणून. एका डोळ्याला गोल काच, ढगळ सूट, बोलणं मशिनगनसारखं, वर झायलोफोन वाजवायचा. पुस्तकं सत्तरच्या वर. महिन्याला एका भागावर कुणाचं घर चालत नाही, लिहीत राहावं लागतं. आणि आलेल्या पत्राला उत्तर द्यायचा, जुन्या टाइपरायटरवर स्वतः बडवून. आज इकडच्या कितीतरी खगोलशास्त्रज्ञांना विचारा, लहानपणी त्याला पत्र लिहिलेलं असतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल दिनू इंग्रजाळला. बाहेरून येऊन राहणाऱ्यांबद्दल या बाबाची मतं वाईट होती, आणि ती तो लपवत नसे. मी त्याचे जुने भाग बघतो, शनीची कडी त्याच्याइतकी सोपी करून मला कुणी सांगितली नाहीत, आणि बघताना हेही डोक्यात असतंच की मी त्याच्या शेजारी राहायला गेलो असतो तर त्याला आवडलं नसतं.


मर्दोळची जाई | सोमवार, रात्री ९:५०

वाखूसा (वाचनखूण साठवली). उद्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार आहे.

माझी आठवण १९९५ ची, सातवीतली. त्या वर्षी एका महिन्याच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायला लागला. देशभर रांगा. आमच्याकडेही आई, काकू, शेजारच्या बायका वाट्या घेऊन निघाल्या. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातला वरवंटा उभा केला, चमचा काठोकाठ भरला आणि वरवंट्याला हलकेच टेकवला. दूध चमच्यातून चढलं आणि वरवंट्यावरून पातळ ओघळ होऊन खाली गेलं. पाट्याखाली पांढरं थारोळं. बाबा म्हणाले, "हाही प्याला." मग देव्हाऱ्यातला पितळी उंदीर, मग दाराची कडी, मग माझी करंगळी. ओल्या पृष्ठभागाला दूध चिकटतं, पृष्ठताणाने चमच्याच्या कडेवरून ओढलं जातं, बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. हे नंतर कळलं. त्या दिवशी फक्त वरवंटा कळला. काकू दोन दिवस बाबांशी बोलली नाही.

आणि २४ ऑक्टोबरला, दिवाळीतच, सकाळी सूर्यग्रहण. खग्रास पट्टा राजस्थानातून बंगालपर्यंत, आपल्याकडे खंडग्रास. आजीने भांड्यांवर तुळशीपत्रं ठेवली होती, पण टीव्ही लावायला ती नाही म्हणाली नाही. दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण, आणि त्यात समजावून सांगायला यशपाल. सूर्य पूर्ण झाकला गेला, काळ्या तबकडीच्या कडेला हिऱ्यासारखा ठिपका चमकला, आणि ते बोलायचेच थांबले. मला वाटलं आवाज गेला. बाबा आवाज वाढवायला उठले. तर ते नुसते बघत होते, आमच्यासारखेच.

अल्तिनोकर काका, ते दोन-चार सेकंद तुम्ही म्हणता ते हेच असावेत.


पेडण्याचे मास्तर | मंगळवार, सकाळी ७:२०

जाईबाई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

१९९५ चं मोल कळायला १९८० पाहिलेलं असावं लागतं. १६ फेब्रुवारी १९८०, दुपार. खग्रास पट्टा आपल्या खाली अंकोल्याच्या बाजूने गेला, म्हणजे बसने जाऊन बघता आलं असतं. कोण गेलं? कुणी नाही. मी तिशीतला शिक्षक, विज्ञान शिकवणारा, दारं-खिडक्या लावून घरात बसलो होतो. गर्भार बायको होती, सासू येऊन राहिली होती, माझी काय टाप! मुंबईच्या बहिणीने नंतर सांगितलं, तिकडे लोकांनी बाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने दुपारचा सिनेमा लावला होता. तेच दूरदर्शन पंधरा वर्षांनी ग्रहण घरात आणून दाखवतं, आणि माझी तीच सासू पाटावर बसून बघते. मधल्या पंधरा वर्षांत कुणीतरी काहीतरी केलं असणार ना? एकट्या यशपालांनी नव्हे. आकाशवाणीने विज्ञान खात्याबरोबर मानवाच्या उत्क्रांतीवर १४४ भागांची मालिका केली, १८ भाषांत. १४४ भाग! आज कुणी १४४ सेकंद ऐकून घेत नाही.

नारळीकर सरांचं नाव कुणी काढलं नाही, म्हणून मी काढतो. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती यशपाल यूजीसीत असताना, आणि ती उभारायला त्यांनी टाटातून नारळीकरांना आणलं. शाळेतली मुलं स्वाक्षरी मागायची तेव्हा नारळीकर सर सांगायचे, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. माझ्या एका विद्यार्थ्याकडे असं कार्ड आहे. आता मुंबईत दंतवैद्य आहे तो, कार्ड दवाखान्यात चौकटीत लावलंय. मे २०२५ मध्ये सर गेले त्या दिवशी त्याने मला त्याचा फोटो पाठवला. खाली एक शब्द लिहिला नव्हता.


बिंबल | मंगळवार, दुपारी ४:०५

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, आजवर नुसती वाचत होते. मी चोवीस वर्षांची, म्हापशाची. समुद्रविज्ञानात एमएस्सी केलंय आणि मराठीतून विज्ञानाचे छोटे व्हिडिओ करते. म्हणजे धाग्यातली ती पोरगी सहा वर्षांनी जिथे असेल तिथे मी आत्ता आहे.

पोटाचं सांगते, कारण तेच सगळे टाळताहेत. सकाळी शिकवण्या. दुपारी एका कंपनीसाठी इंग्रजीतून मराठी भाषांतर. उरलेल्या वेळात व्हिडिओ. एका वाहिनीने माझ्याकडून सहा भाग करून घेतले, त्याचे पैसे अजून 'प्रोसेस'मध्ये आहेत, वर्ष झालं. विज्ञान प्रसार ही केंद्र सरकारची संस्था होती ना, १९८९ पासूनची? मी तिथे अर्ज करायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये ती गुंडाळलीच. आमची चलती आहे ती फेब्रुवारीत, विज्ञान दिनाच्या आठवड्यात. तेव्हा सगळ्या शाळांना मी हवी असते. शाल, नारळ आणि टाळ्या. नारळाची चटणी होते.

पण मला विचारायचंय ते वेगळं. व्हिडिओखाली लोक 'छान', 'मस्त माहिती' लिहितात. प्रश्न कुणी विचारत नाही. यशपालांना पोत्याने पत्रं यायची, मूरला यायची, नारळीकर सरांना यायची. मला एकही प्रश्न येत नाही. माझं काय चुकतंय?


खाजन | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

हिला उत्तर द्या. ही खरं बोलतेय.


अल्तिनोकर | मंगळवार, रात्री ११:४०

बिंबल, तुझे चार व्हिडिओ पाहिले. स्वच्छ बोलतेस. जरा जास्तच स्वच्छ. दर दोन सेकंदांनी चित्र बदलतं आणि मधे कुठेही श्वास नाही. ऐकणाऱ्याला 'पण मग...' म्हणायला जागाच सापडत नाही.

आमच्या वेळी फीत असायची. सेकंदाला साडेसात इंच धावायची. वक्ता अर्धा सेकंद 'अं' म्हणाला की पावणेचार इंच. तो तुकडा ब्लेडने तिरपा कापायचा, दोन टोकं खाचेच्या ठोकळ्यावर जुळवायची, वर चिकटपट्टी, नखाने दाबायची. दिवसाअखेरी खुर्चीखाली 'अं'चा ढीग. मला या कामाचा फार अभिमान होता. एकदा दोनापावलाहून एक समुद्रवैज्ञानिक आले, दहा मिनिटांचं मराठी भाषण, पावसाळ्यातल्या आपल्या किनाऱ्यावर. कागदावर लिहून आणलं होतं: 'अधःस्तरीय जलाचे उद्वहन' वगैरे. लाल दिवा लागला, त्यांनी वाचलं. काचेपलीकडे आमचा ड्यूटीवरचा इंजिनियर, कोलव्याचा, रापणकाराच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याच्या) घरातला. एरवी वक्त्यांकडे ढुंकून न बघणारा. त्याने टॉकबॅकचं बटण दाबलं आणि विचारलं, "सायबा, पावसानंतर कधी कधी जाळ्यात मासळी मेलेलीच येते, ते हेच काय?"

वैज्ञानिकांनी कागद खाली ठेवला. आणि मग जे बोलले! पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं, ते समुद्रावर झाकणासारखं बसतं. त्याच दिवसांत खोल समुद्रातलं थंड पाणी तळातून किनाऱ्याकडे सरकतं, त्यात प्राणवायू आधीच कमी. वरून झाकण असल्यामुळे हवा मिसळत नाही. सडणारं सगळं तळाशी जातं आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. पळू शकतात ते मासे पळतात, बाकीचे गुदमरतात. सांगताना चाचरत होते, हाताने भांडं आणि झाकण करून दाखवत होते, रेडिओवर!

सुदैवाने फीत चालू राहिली होती. मी पहिलं भाषण टाकून दिलं आणि हे लावलं, इंजिनियरच्या प्रश्नासकट. फक्त सवयीने त्यांचे सगळे थांबे कापले. आज कापले नसते.

तुला प्रश्न येत नाहीत, कारण तुझ्या व्हिडिओत काचेपलीकडे कुणी नाही. आधी प्रश्न जमव. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तुझ्या घरापासून किती लांब आहे?


बिंबल | शुक्रवार, दुपारी १:१५

गेले होते. फोन आणि छोटा माइक घेऊन. पहिला तास वाया. कांदे-मिरच्यांवाले म्हणतात, आधी कायतरी घे. घेतलं. चोरीसांवची (गोव्याच्या सॉसेजची) दोन माळका आता घरात कोण खाणार ते बघायचंय.

मग मासळीकडे गेले. एक मावशी सुंगटं (कोळंबी) निवडत होती. विचारलं, समुद्राबद्दल कधी काही प्रश्न पडलाय का? मान वर न करता म्हणाली, "चंद्रीम एकूच, मागीर भरत्यो दोन कशो गो?"

मी एमएस्सी. तिथे उभी राहून मला पटकन सांगता आलं नाही. सूत्र आठवत होतं. तिला काय सांगू? चंद्र पाणी ओढतो, तर चंद्र डोक्यावर असताना एक भरती, ठीक. पण दुसरी भरती चंद्र पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असताना येते. तेव्हा पाणी वर कोण ओढतं?


अल्तिनोकर | शुक्रवार, रात्री ८:३०

हा प्रश्न! असा प्रश्न मिळावा म्हणून मी अकरा वर्षं आकाशवाणीची टेकडी चढलो.

प्रयत्न करतो, चुकलं तर सांगा. पणजीत पाट्टोच्या सिग्नलला एकामागे एक तीन स्कूटर उभ्या आहेत. सिग्नल सुटला. पुढची सुसाट, मधली बेताची, मागची रखडत. थोड्या वेळाने मधल्या स्कूटरवरून बघितलं तर पुढची पुढे गेलेली दिसते आणि मागची मागे पडलेली दिसते. मागचीला कुणी मागे ओढलेलं नाही, ती फक्त कमी ओढली गेली. चंद्राच्या बाजूचं पाणी ही पुढची स्कूटर, आपली पृथ्वी मधली, पलीकडचं पाणी मागची. चंद्राची ओढ अंतराबरोबर कमी होत जाते. म्हणून दोन्हीकडे फुगवटा, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपण दोन्हींखालून जातो.


विजापूरचा पाव्हणा | शुक्रवार, रात्री ९:१०

स्कूटर मस्त. बिंबल, एक शंका येणार: पृथ्वी कुठे चंद्राकडे धावतेय? खरं म्हणजे धावतेच, दोघंही सतत एकमेकांकडे पडत असतात आणि त्याच वेळी बाजूलाही सरकत असतात, म्हणून आपटत नाहीत. हे एक वाक्य घाल. आणि चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच उशिरा, हे मावशीला तुझ्याआधी माहीत असेल. तिथूनच सुरुवात कर.


खाजन | शुक्रवार, रात्री १०:२५

चाळीस वर्षं मानशीची (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं सांभाळली आहेत, वडिलांच्या मागे. मांडवीची भरती आत पार गांजेपर्यंत जाते. माझी शंका ऐका.

दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक लहान. दाराच्या लाकडावर दोन वेगळ्या रेघा उठतात. तुमच्या पुढच्या-मागच्या स्कूटर मला सारख्याच अंतरावर दिसताहेत. मग एक रेघ खाली का?


बिंबल | शुक्रवार, रात्री १०:३१

खाजनकाका!!


अल्तिनोकर | शुक्रवार, रात्री ११:२०

अर्धा तास कागदावर गोल काढत बसलोय. चंद्र बहुतेक दिवशी विषुववृत्ताच्या बरोबर वर नसतो, कधी उत्तरेला झुकलेला, कधी दक्षिणेला. म्हणून एक फुगवटा उत्तरेकडे येतो आणि पलीकडचा दक्षिणेकडे जातो. आपण एकाच्या पोटाखालून जातो आणि दुसऱ्याच्या कडेखालून. हे बरोबर आहे, पण स्कूटरवर बसवता येत नाही. मावशीला सांगता येईल असं मला अजून सुचलेलं नाही.

बिंबल, हा भाग खाजनबाबांबरोबर कर. मानशीवर उभं राहून, त्या दोन रेघा दाखवून. भाचीच्या मुलीलाही ने. ती परवा विचारत होती, काका, धाग्यावर पुढे काय झालं.


खाजन | शनिवार, सकाळी ५:५०

माझा आवाज फाटका आहे, आधीच सांगून ठेवतो. भजनातही मागे उभा करतात.

येत्या अमावास्येला या, तेव्हा पाणी मोठं असतं. रात्री ओसरायला लागलं की दारं आतल्या पाण्याच्या जोराने आपोआप उघडतात, ते बघण्यासारखं आहे. बांधावर चिखल आहे, चांगल्या चपला घालू नका. आणि विजेरी आणा, माझीचे सेल गेलेत.